‘हो, पाठवा’ : कन्सल्टन्सीमार्फत नोकरी शोधणाऱ्या एका खरेदी व्यवस्थापकाचे प्रकरण

हे प्रकरण एका उत्पादन कंपनीच्या खरेदी विभागात अकरा वर्षे काम केलेल्या महिलेचे आहे. कंपनीने दोन विभाग एकत्र करायचे ठरवले आणि आपले पद फार काळ राहणार नाही हे त्यांना तोंडी कळले, तेव्हा त्यांनी नोकरीचा शोध सुरू केला. हा शोध पंधरा आठवडे चालला. त्या काळातील ईमेल, फोनच्या नोंदी आणि त्यांनी स्वतः ठेवलेली एक वही यांच्या आधारे हे टिपण लिहिले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, आणि या महिलेचा उल्लेख सर्वत्र ‘उमेदवार’ असा केला आहे.

उमेदवारांचा व्यवसाय येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुरवठादार, मध्यस्थ, कोटेशन आणि करार यांतच त्यांचा दिवस जात असे, आणि समोरच्याचे कमिशन कोठून येते हे समजल्याशिवाय भावाची चर्चा करायची नाही, हा त्यांच्या खात्यातील पहिला धडा होता. तरीही स्वतःची नोकरी शोधताना हा धडा त्यांना आठवा आठवडा उजाडेपर्यंत आठवला नाही. याचे कारण साधे असावे. खरेदी करताना आपण ग्राहक आहोत हे त्यांना माहीत होते. रिक्रूटरशी, म्हणजे कंपन्यांना माणसे शोधून देणाऱ्या कन्सल्टन्सीच्या माणसाशी, बोलतानाही आपण ग्राहकच आहोत, असे त्या गृहीत धरून चालल्या होत्या.

पहिला फोन

नोकरीच्या पोर्टलवर सीव्ही टाकल्यानंतर चोवीस तासांच्या आत पहिला फोन आला आणि चार मिनिटांत संपला. सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पीरियड आणि एकूण अनुभव एवढे विचारून झाल्यावर रिक्रूटर म्हणाला, “मॅडम, प्रोफाइल एकदम मॅच होतंय. अर्जंट पोझिशन आहे, आजच्या आज पाठवायची आहे. पाठवू ना?” कंपनी कोणती, असे उमेदवारांनी विचारले. “क्लायंटचं नाव शॉर्टलिस्ट झाल्यावर सांगतो,” असे उत्तर मिळाले. उमेदवार “हो, पाठवा” म्हणाल्या. सीव्ही पीडीएफमध्ये नको, वर्डच्या फाइलमध्येच हवा, असा रिक्रूटरचा आग्रह होता. त्यामागे काही कारण असेल असे तेव्हा त्यांच्या मनातही आले नाही.

नाव न सांगण्याची ही पद्धत उर्मटपणातून आलेली नसते. बहुतेक कन्सल्टन्सी यशावर आधारित शुल्काने काम करतात, म्हणजे त्यांनी पाठवलेला माणूस रुजू झाला तरच कंपनी त्यांना पैसे देते. हे शुल्क उमेदवाराच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या टक्केवारीत ठरते आणि देश, उद्योग व पद यांनुसार एका महिन्याच्या पगारापासून, म्हणजे सुमारे ८.३३ टक्क्यांपासून, २५ टक्के किंवा त्याहूनही वर जाते. त्यातही हमीचा काळ असतो. रुजू झालेला माणूस साधारण ३० ते ९० दिवसांच्या आत सोडून गेला, तर बदली माणूस द्यावा लागतो किंवा शुल्क परत करावे लागते. वरिष्ठ पदांसाठी आगाऊ मानधनावर शोध घेणाऱ्या संस्था वेगळ्या. त्यांना शोधाच्या कामाचेही पैसे मिळतात आणि ते काम एकाच संस्थेकडे असते. मधल्या पदांचे तसे नसते. एकच पद तीन-चार कन्सल्टन्सींना एकाच दिवशी दिले जाते, ज्याचा माणूस लागेल त्याला पूर्ण शुल्क मिळते आणि बाकीच्यांची मेहनत वाया जाते. अशा स्थितीत कंपनीचे नाव उघड केले आणि उमेदवाराने थेट अर्ज केला, तर हाती काहीच उरत नाही, ही रिक्रूटरची भीती खोटी म्हणता येणार नाही.

मात्र त्या भीतीची किंमत उमेदवाराला मोजावी लागते. आपले नाव कोणाच्या टेबलावर जाणार हे माहीत नसताना दिलेली संमती म्हणजे कोऱ्या कागदावरची सही होय. कोटेशनवर अशी सही या बाईंनी अकरा वर्षांत कधी केली नसती.

एकच सीव्ही, दोन दावेदार

पाचव्या दिवशी दुसऱ्या कन्सल्टन्सीकडून फोन आला. तिने कंपनीचे नाव सांगितले, आणि कामाचे वर्णन वाचताच हे तेच पद असावे अशी शंका उमेदवारांना आली. त्यांनी पहिल्या रिक्रूटरला तसे विचारले. दोन दिवस उत्तर आले नाही. दुसऱ्या बाजूने तगादा सुरूच होता, म्हणून त्यांनी तिलाही होकार दिला. योगायोग असा की त्यांचा एक जुना सहकारी त्याच कंपनीत होता आणि आतून नाव पुढे करायला तयार होता. तिसऱ्या आठवड्यात त्यानेच कळवले की भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांची नोंद आधीपासूनच, तीही दोन कन्सल्टन्सींच्या नावावर आहे, आणि एचआरने ती बाजूला ठेवली आहे.

यात काय घडले ते सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण उमेदवारांना ते कोणी समजावून सांगितले नाही. कंपनी आणि कन्सल्टन्सी यांच्या करारात सहसा असे कलम असते की ज्या संस्थेने उमेदवाराचे नाव प्रथम पाठवले, तिचा त्या उमेदवारावरील हक्क ठरावीक काळ, बहुधा सहा किंवा बारा महिने, राहील. त्या काळात तोच माणूस दुसऱ्या मार्गाने आला तरी पहिली संस्था शुल्क मागू शकते. दोन संस्थांनी तोच सीव्ही पाठवला की आधी कोणाचा पोहोचला, कोणाकडे उमेदवाराची संमती होती, असा वाद उभा राहतो आणि तो सोडवणे एचआरच्या माणसाच्या गळ्यात पडते. त्याच्यापुढे तशाच अनुभवाचे आणखी सात-आठ सीव्ही असतील, तर तो वादातला सीव्ही उघडतही नाही. जुन्या सहकाऱ्याची शिफारसही त्यामुळे निरुपयोगी ठरली, कारण शिफारशीने घेतलेल्या माणसासाठी पुन्हा शुल्क भरण्याची वेळ येऊ नये असे कंपनीला वाटणे स्वाभाविक होते.

पंधरा आठवड्यांतील सर्वांत मोठे नुकसान हेच होते, असे माझे मत आहे. पुढे मुलाखतीत अपयश आले, शांतता आली, अपमानही झाले, पण त्या सगळ्यांत निदान कोणीतरी त्यांचा विचार तरी केला होता. येथे कोणीही त्यांची पात्रता तपासलीच नाही. दुसऱ्या रिक्रूटरने “याआधी या कंपनीत तुमचा सीव्ही कोणी पाठवला आहे का?” एवढा एक प्रश्न विचारला असता तरी हे टळले असते. कामात मुरलेले रिक्रूटर तो विचारतात आणि कंपनीचे नाव व पद लिहून ईमेलवर लेखी संमतीही घेतात.

खोलीत सापडलेला सीव्ही

सहाव्या आठवड्यात तिसऱ्या एका कन्सल्टन्सीमार्फत मुलाखत ठरली. आदल्या संध्याकाळी रिक्रूटरने फोन करून अपेक्षित पगाराचा आकडा “थोडा खाली सांगू या” असा सल्ला दिला. उमेदवारांना त्याचे आश्चर्य वाटले. पगार वाढला तर शुल्कही वाढते, मग हा माणूस पगार खाली का ओढतो?

हिशेब मांडला की उलगडा होतो. वार्षिक पगार १०० धरला आणि शुल्क २० टक्के धरले, तर रिक्रूटरच्या संस्थेला २० मिळतात. उमेदवाराने १० टक्के जास्त मागून ते मिळवले, तर उमेदवाराला १० अधिक मिळतात आणि संस्थेला २. मात्र त्या ओढाताणीत बोलणे फिसकटले, तर संस्थेचे पूर्ण २० जातात. म्हणजे व्यवहार मोडण्याची शक्यता अकरात एकाहून जास्त असेल, तर वाढीव पगारासाठी ताणून धरणे रिक्रूटरच्या दृष्टीने तोट्याचे ठरते. दलाली टक्केवारीत असली की दलालाचे आणि आपले हित एकच, हा समज इतर क्षेत्रांतही टिकत नाही. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील घरविक्रीच्या नोंदी तपासून २००८ मध्ये दाखवून दिले की दलाल स्वतःचे घर विकतात तेव्हा ते ग्राहकाच्या तशाच घरापेक्षा सुमारे साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतात आणि सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवतात. दुसऱ्याचे घर मात्र ते लवकर विकून मोकळे होतात. नोकरीच्या बाजारात घराच्या जागी माणूस असतो एवढाच फरक, आणि पुरवठादारांच्या मध्यस्थांशी रोज बोलणाऱ्या उमेदवारांना हे गणित कागदावर मांडायला दोन मिनिटेही लागली नसती.

मुलाखतीत वेगळाच प्रकार झाला. समोरच्या व्यवस्थापकाच्या हातातील सीव्ही कन्सल्टन्सीच्या लेटरहेडवर होता. त्यातून उमेदवारांचा फोन नंबर आणि ईमेल काढून टाकलेला होता, आणि येथपर्यंत ही त्या धंद्यातील रूढ पद्धत म्हणता येईल. परंतु नोटीस पीरियड ६० दिवसांऐवजी ३० दिवस लिहिलेला होता, आणि कौशल्यांच्या यादीत साठा नियोजनाच्या एका सॉफ्टवेअरचे नाव होते, जे त्यांनी कधी वापरले नव्हते. व्यवस्थापकाने पहिला प्रश्न त्या सॉफ्टवेअरवरच विचारला. उमेदवारांनी खरे काय ते सांगितले. त्यानंतरची वीस मिनिटे सौजन्याने पार पडली, पण सीव्हीत खोटे लिहिणारी बाई हा शिक्का बसल्याचे त्यांना समोरच्या चेहऱ्यावर दिसत होते. वर्डच्या फाइलचा आग्रह कशासाठी होता, ते त्या दिवशी कळले.

रिक्रूटरला जाब विचारला तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, जेडीमध्ये (म्हणजे कामाच्या वर्णनात) मॅन्डेटरी होतं. नाहीतर सिस्टिमने रिजेक्ट केलं असतं.” हे स्पष्टीकरण संतापजनक आहे, तरी अगदीच निराधार नाही. भरतीच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये अनिवार्य रकाने असतात, आणि ते भरल्याशिवाय नाव पुढे जात नाही. रिक्रूटरला दिवसाला अमुक इतके सीव्ही पाठवण्याचे लक्ष्य असते आणि त्याचे साप्ताहिक मूल्यमापन त्या आकड्यावर होते. पण रकाना भरण्याची अडचण त्याची होती, आणि खोटे ठरण्याची नामुष्की उमेदवारांच्या वाट्याला आली.

तेवीस दिवस

नवव्या आठवड्यापर्यंत उमेदवारांच्या वहीत नऊ रिक्रूटरांची नावे जमा झाली होती. त्यांपैकी एकाने नोंदणी शुल्क मागितले. त्याचा फोन त्यांनी लगेच ठेवला, आणि ते योग्यच होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या खासगी रोजगार संस्थांविषयीच्या १८१ क्रमांकाच्या कराराने कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष शुल्क घेण्यास मोजके अपवाद वगळता मनाई केली आहे. ज्या देशांनी तो स्वीकारला त्यांच्यावरच तो बंधनकारक असला, तरी त्यातील तत्त्व या धंद्यात सर्वत्र ओळखीचे आहे.

सर्वांत जास्त मनस्ताप मात्र एका चांगल्या वाटलेल्या प्रक्रियेने दिला. दोन फेऱ्या झाल्या, दुसऱ्या फेरीत रुजू होण्याच्या तारखेविषयीही विचारणा झाली, आणि त्यानंतर तेवीस दिवस एक शब्द आला नाही. उमेदवारांनी चार वेळा फोन केला. दोनदा उचलला गेला आणि दोन्ही वेळा “फीडबॅक आला की लगेच कळवतो” एवढेच ऐकायला मिळाले. त्या काळात त्यांनी मुलाखतीतील एकेक वाक्य आठवून त्यात चूक शोधली. झोपेवर परिणाम झाला. चोविसाव्या दिवशी कळले की त्या कंपनीने ते पदच स्थगित केले होते, आणि तो निर्णय दुसऱ्या फेरीनंतर चारच दिवसांत झाला होता.

येथे दोष कोणाचा, याचा शोध घेताना मला रिक्रूटरची बाजू मांडणे भाग आहे. विभागप्रमुखाने एचआरला सांगायचे, एचआरने पुरवठादार संस्थांच्या पोर्टलवर नोंदवायचे, ते कन्सल्टन्सीच्या क्लायंट सांभाळणाऱ्या माणसाने वाचायचे आणि त्याने रिक्रूटरला कळवायचे, अशी ही साखळी होती. स्थगितीचा निर्णय पहिल्या दुव्यापाशीच अडकून राहिला. रिक्रूटर जेव्हा “फीडबॅक आलेला नाही” म्हणत होता, तेव्हा तो खरेच बोलत होता. फक्त त्याने स्वतःहून विचारले नव्हते, कारण एव्हाना त्याच्या टेबलावर नवी दहा पदे आली होती आणि बंद पडलेल्या पदामागे घालवलेल्या तासाचे त्याला काही मिळणार नव्हते. नकार कळवण्याचे पैसे या सगळ्या व्यवस्थेत कोणालाच मिळत नाहीत, आणि म्हणून ते काम कोणाचेच नसते.

याच काळात आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. “सध्या आणखी कुठे इंटरव्ह्यू सुरू आहेत?” हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक रिक्रूटर आपुलकीने विचारत असे आणि त्या मोकळेपणाने उत्तर देत. ज्या कंपनीत मुलाखत सुरू आहे तेथे पद रिकामे आहे, ही रिक्रूटरच्या दृष्टीने फुकट मिळालेली बातमी असते. त्या पदासाठी तो स्वतःचे आणखी दोन उमेदवार पाठवू शकतो. या प्रकरणात तसे झाले का, याचा पुरावा नाही. त्यांनी मात्र त्यानंतर उत्तर द्यायचे बंद केले.

खरेदी विभागाची पद्धत

आठव्या आठवड्यात, म्हणजे हे तेवीस दिवस सुरू असतानाच, उमेदवारांनी वही बाजूला ठेवून पुरवठादारांच्या तुलनेसाठी वापरतात तसा एक तक्ता केला. त्यानंतर कंपनीचे नाव आणि पद ईमेलवर लिहून आल्याशिवाय त्यांनी सीव्ही दिला नाही, आणि दिला तेव्हा पीडीएफमध्येच दिला. पुढे जाणारा सीव्ही आधी आपल्याला दाखवावा, अशी अट त्यांनी घातली. हे पद तुमच्या एकट्याकडे आहे की आणखी कोणाकडे, या कंपनीत यापूर्वी तुम्ही कोणाला लावले आहे, आणि पद किती दिवसांपासून रिकामे आहे, हे त्या प्रत्येकाला विचारू लागल्या. या शेवटच्या प्रश्नाने बरेच काही उघड होते. चार महिने रिकामे असलेले पद ‘अर्जंट’ म्हणून सांगितले जात असेल, तर एक तर कंपनीला नेमके कोण हवे ते ठरलेले नाही, किंवा तेथील पगार बाजाराला पटलेला नाही.

परिणाम लगेच दिसला. नवापैकी चौघांनी पुन्हा फोन केला नाही. दोघे चिडले, एकजण तर म्हणाला, “मॅडम, इतके प्रश्न कोणी विचारत नाही.” उरलेल्यांशी संवाद सुधारला. एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे, नाहीतर हे वर्णन फसवे ठरेल. हा ताठरपणा त्यांना परवडला, कारण पगार अजून सुरू होता. ज्याची नोकरी गेलेली आहे आणि ज्याच्या डोक्यावर हप्ते आहेत, त्याला चार फोन गमावणे जड जाते, आणि घाईच्या ‘अर्जंट’ फोनला कोण आणि का होकार देतो हे तेथे समजते.

उरलेल्यांतील एका रिक्रूटरने त्यांना एका पदाविषयी सरळ सांगितले की हे तुमच्यासाठी नाही. त्यांना तुमच्या निम्म्या अनुभवाचा माणूस हवा आहे, फक्त तसे जाहिरातीत लिहिलेले नाही. पंधरा आठवड्यांत कोणी काम नाकारल्याबद्दल उमेदवारांनी आभार मानल्याची ही एकमेव नोंद आहे. बाराव्या आठवड्यात त्याच रिक्रूटरचा फोन आला. पद त्याच्या एकट्याकडे होते, तेथील विभागप्रमुखाला तो सात वर्षे ओळखत होता, आणि मागील व्यक्ती का सोडून गेली हेही त्याने न विचारता सांगितले. पगाराचा आकडा त्याने जसाच्या तसा पुढे नेला. दर मंगळवारी फोन करीन असे तो म्हणाला होता, आणि त्याने तो केला. एका मंगळवारी तो म्हणाला, “काही कळलेलं नाही, एवढंच सांगायला फोन केला.” वहीच्या त्या पानावर हे वाक्य तारखेसह लिहिलेले आहे आणि त्याखाली दोनदा रेघ ओढलेली आहे.

पंधराव्या आठवड्यात ऑफर लेटर आले.

त्यानंतर

नव्या कंपनीत रुजू होऊन दोन महिने झाल्यावर उमेदवारांना आपल्या हाताखाली एक सहायक व्यवस्थापक हवा होता. कामाचे वर्णन त्यांनी स्वतः लिहिले आणि एचआरकडे दिले. बारा दिवसांनी त्यांच्या खासगी ईमेलवर पहिल्या फोनवरच्या त्याच रिक्रूटरचे पत्र आले. आपली प्रोफाइल आमच्या एका नामांकित क्लायंटच्या गरजेशी तंतोतंत जुळते, पोझिशन अर्जंट आहे, वर्डच्या फाइलमध्ये सीव्ही पाठवावा, असे त्यात होते. क्लायंटचे नाव नव्हते. खालचे वर्णन मात्र त्यांचेच होते. शब्द तेच, क्रम तोच, फक्त अनिवार्य कौशल्यांत साठा नियोजनाच्या त्या सॉफ्टवेअरचे नाव जोडलेले होते, जे त्यांनी लिहिले नव्हते आणि जे या कंपनीत वापरातही नव्हते.

त्यांनी एचआरकडे चौकशी केली. हे पद चार कन्सल्टन्सींना दिले होते, आणि सॉफ्टवेअरचे नाव एका जुन्या वर्णनातून नकळत तसेच पुढे आले होते. बोलता बोलता एचआरच्या माणसाने हेही सांगितले की एका कन्सल्टन्सीने पाठवलेल्या दोन उमेदवारांची मुलाखत होऊन नऊ दिवस झाले आहेत, आणि त्या दोघांविषयीचा अभिप्राय खुद्द या बाईंकडूनच यायचा राहिला आहे. तसे विचारणारी त्याची दोन पत्रे त्यांच्या मेलबॉक्समध्ये न उघडलेली पडली होती. त्या दुपारी त्यांनी ती उघडली.